पत्रिकेवरची वेळ

प्रति,
अध्यक्ष, सचिव, मानकरी आणि समस्त कार्यकर्ते,
सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या देवस्थान कमिट्या, जत्रा व सप्ताह कमिट्या, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं, तसंच परळ-लालबागपासून विरार-नालासोपाऱ्यापर्यंत डबलबाऱ्या (दोन बुवांचे समोरासमोरचे भजनाचे सामने) भरवणारी आपली चाकरमानी मंडळं यांस,

विषय : भजनाची बारी पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू करण्याबाबत.

स. न. वि. वि.

विषय वाचून कमिटीतले काहीजण एकमेकांकडे बघून हसतील, हे मला ठाऊक आहे. पत्रिकेत 'ठीक साडेनऊ वाजता' असं छापायचं, साडेदहाला सतरंज्या घालायच्या, अकराला माइकवाल्याला फोन लावायचा आणि बारा वाजले की पहिल्या बुवांनी पेटीवर हात ठेवायचा, ही आपल्याकडची रीत. त्यातल्या 'ठीक' या शब्दाकडे कोणी बघतसुद्धा नाही. मीही बघितलं नसतं. पण माझं शरीर इन्सुलिन तयार करत नाही, आणि जे मी बाहेरून टोचून घेतो ते घड्याळावर चालतं.

मी पखवाजी, कुडाळ तालुक्यातला. पखवाज हातात आला तेव्हा चौथीत होतो आणि टाइप वन मधुमेह निघाला तेव्हा पाचवीत. त्यामुळे दोघांचा मुक्काम माझ्याकडे जवळजवळ सारखाच. पोट भरतो ते भजनावर. गणपतीत, सप्ताहात, नवरात्रात आणि मग कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जत्रांच्या दिवसांत जी कमाई होते तीच. उरलेल्या महिन्यांत चार मुलं शिकायला येतात. तुमच्यापैकी पुष्कळजणांनी मला ऐकलेलं आहे. काहींनी बारीची सुपारी दिली आहे, काहींनी द्यायची बंद केली आहे. हे पत्र दोघांनाही आहे.

मधुमेह म्हटलं की लोकांपुढे साठीतला, चहात साखर न घालणारा, सकाळी रस्त्याने भराभर चालणारा माणूस उभा राहतो. तो टाइप टू. माझा प्रकार वेगळा. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. माझ्या आईला शेजारणी विचारायच्या, "पोराक खूप गोड घातलंस काय गो?" बिचारी गप्प बसायची. गोडाचा, आंब्याचा, आईच्या लाडाचा यात काडीचा संबंध नाही. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी हा आजार झालेली पोरं काही महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत जायची. कौल लावा, गाऱ्हाणं घाला, माझं काही म्हणणं नाही. आमच्याही घरी घातलं होतं. पण कोणाच्या सांगण्यावरून या पोरांचं इन्सुलिन थांबवू नका. काही दिवसांत जिवावर बेततं.

आता वेळेचं गणित सांगतो, कारण सगळं पत्र त्यासाठीच आहे.

जेवणासाठी घ्यायचं इन्सुलिन ढोबळमानाने दोन तऱ्हांचं. एक जुनं, साधं, सरकारी दवाखान्यात बहुतेक हेच मिळतं. ते जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावं लागतं, दोन-चार तासांनी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि सहा ते आठ तास ते अंगात राहतं. दुसरं नवं आणि महाग. ते ताट समोर आल्यावर टोचलं तरी चालतं, आणि तीन ते पाच तासांत ओसरतं. काम दोघांचं एकच, रक्तातली साखर खाली आणायची. आणि एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. जेवण येवो न येवो, ते आपलं काम करत राहतं.

म्हणजे बघा. "साडेआठला पान वाढतलंव" असं कमिटीने सांगितलं. साधं इन्सुलिन घेणारा माणूस आठला सुई घेणार. मग पाहुणे आले नाहीत, आरती राहिली, भाताला वेळ लागला, आणि पान पडलं दहाला. या दोन तासांत त्याची साखर घसरत राहते आणि तो मात्र मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसून 'आता बोलावतील, मग बोलावतील' म्हणून वाट बघत असतो. ज्याला नवं इन्सुलिन परवडतं त्याला तुमचा उशीर पचतो. ज्याला परवडत नाही त्याला तो अंगावर काढावा लागतो. उशीर सगळ्यांना सारखाच होतो असं दिसतं, पण त्याचा दंड सगळ्यात गरीब कलाकार भरतो. हे मला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मंडपात बसून कळलं.

त्यात पखवाज म्हणजे अंगमेहनत. गजर चढला, लय दुप्पट झाली की दंड, मनगट, पाठ सगळं कामाला लागतं आणि स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पण डबलबारीत उलटाही खेळ चालतो. समोरच्या बुवांनी आमच्या बुवांवर कोटी केली, मंडप टाळ्यांनी उठला, आता उत्तर आमच्याकडून जायचं आहे, अशा वेळी नुसत्या ताणाने साखर वर चढते. बारीच्या सुरुवातीच्या रूपावलीला एक आकडा, पुढच्या गवळणीला दुसरा. आणि एवढं करून घसरण होते ती पुष्कळदा पहाटे, घरी येऊन झोपल्यावर. म्हणून बारी संपली की मी लगेच मोटारसायकलला किक मारत नाही. आधी तपासतो, चार बिस्किटं खातो, मग निघतो. लोकांना वाटतं मी मानधनाच्या पाकिटासाठी थांबलोय. (तेही असतंच म्हणा.)

तपासायचं म्हणजे बोटातून रक्ताचा एक थेंब. पखवाजी बोटांवर जगतो, त्यामुळे कुठे टोचायचं हे ठरून गेलेलं आहे. डाव्या हाताची करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट, तेही टोकाच्या मधोमध नाही, कडेला. तिथे दुखतं कमी आणि डाव्या पुडीवर थाप पडते तेव्हा ती जागा मधे येत नाही. त्याआधी हात धुवायचे. नुसते पुसून भागत नाही, कारण बोटाला मोदकाचा गूळ किंवा प्रसादाच्या केळ्याचा चिकटा असला तर मशीन साखर उगीच जास्त दाखवतं, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवला तर घात. मंचावर नळ कुठला? म्हणून मी पाण्याची छोटी बाटली आणि स्वच्छ फडकं जवळ ठेवतो. डाव्या पुडीला लावलेल्या कणकेचा हात धुतला, फडक्याने कोरडा केला, टोचलं, थेंब पट्टीला लावला, पाच सेकंदांत आकडा. तिकडे बुवा पुढच्या अभंगाची पट्टी धरतात, इकडे मी माझी काढतो. सगळं मिळून एका मिनिटाच्या आत. दंडाला चिकटवायचे सेन्सर आले आहेत, चौदा दिवस आकडा मोबाइलवर दाखवतात, फार सोयीचे आहेत. पण एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि पखवाज्याच्या वाट्याला एका बारीचे काय येतात ते तुम्हीच पाकिटात घालता, तुम्हाला माहीत आहे.

या एका मिनिटाचा तुम्हाला त्रास होतो, असं मला अनेकदा जाणवलं आहे. "देवासमोर रक्त काढू नका", "सुई घ्यायची तर खाली जाऊन घ्या", "आरतीआधी तोंडात काय टाकता?" हे सगळं ऐकलं आहे. बोलणारी माणसं वाईट नसतात. सोवळ्या-ओवळ्याची काळजी त्यांना खरोखरच असते. पण बुवांना घशासाठी खडीसाखर चालते, गरम पाणी चालतं, लवंग चालते. मग पखवाज्याला ग्लुकोजच्या दोन चमच्यांनी देव रागावतो असं मला वाटत नाही.

एका गावातला प्रसंग सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण नाव घेण्यासारखं तिथे काही वेगळं घडलं नाही. ते कुठेही घडलं असतं. जेवण वेळेवर आहे असा निरोप होता, म्हणून मी सुई घेतली होती. तेवढ्यात पाहुणे आले आणि सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, दोन शब्द, पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ. मग कोणीतरी म्हणालं की आता जेवायला बसलो तर रात्र जाईल, आधी एक बारी होऊन जाऊ दे. बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातली बिस्किटं खाल्ली आणि बसलो. रूपावली निघाली. अभंगाला माझे हात जड झाले. सम कुठे आहे ते कळत होतं, पण थाप तिथे पोचत नव्हती. डोक्यावरून घाम उतरून पखवाजाच्या खोडावर ठिबकत होता. आमचा झांजवाला माझा जुना सोबती. त्याने झांज खाली ठेवली, पेल्यातल्या पाण्यात साखर ढवळली आणि पेला माझ्या तोंडाला लावला. त्यानंतर मशीनवर आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेलं की सावध व्हायचं असतं, चोपन्नच्या खाली धोका.

साखर इतकी घसरली की माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, तो अडखळतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो, कधी उगाच चिडतो. आता हेच वर्णन जत्रेतल्या रात्री साडेअकराला मंडपात बसलेल्या माणसाला करून सांगा. तो काय म्हणेल? तेच त्या रात्री पुढच्या रांगेतून ऐकू आलं. "पखवाजी घेऊन इलोहा वाटता." मी दारूला शिवत नाही. पण तेव्हा तसं म्हणायला जीभ वळत नव्हती. पंधरा मिनिटांनी मी ठीक होतो, पुढची गवळण नीट वाजवली, लोकांनी टाळ्याही दिल्या. त्या गावाने पुढच्या वर्षी आमच्या बुवांना सुपारी दिली आणि सोबत निरोप दिला, पखवाजी दुसरा आणा. बुवा गेले नाहीत. प्रत्येकाचे बुवा असे नसतात, आणि नसावेत अशी अपेक्षाही करता येत नाही. त्यांनाही घर चालवायचं आहे.

मला खरं लागलं ते वेगळंच. 'तो दारुडा आहे' असं समजून जी माणसं रागावली होती, त्यांना खरी गोष्ट कळल्यावर राग गेला आणि त्याची जागा भीतीने घेतली. "मंचावर काय झाला तर?" दारुड्याला पुन्हा एक संधी मिळते. आजारी माणसाला मिळत नाही.

म्हणून पुष्कळजण सांगतच नाहीत. भजनात आणि दशावतारात फिरणारे असे लोक मला माहीत आहेत, ज्यांना फिटचा, दम्याचा, संधिवाताचा त्रास आहे आणि जे गोळ्या पेटीच्या खोक्यात लपवून ठेवतात. बोटांचे सांधे सुजलेला एक पेटीवाला थंडीतल्या बारीआधी गरम पाण्यात हात बुडवून बसतो आणि विचारलं तर 'हात गार पडले' म्हणतो. मुलींचं तर विचारूच नका. माझ्याकडे पखवाज शिकायला येणाऱ्यांत एक मुलगी आहे, तिलाही टाइप वन आहे. हात इतका स्वच्छ की तिची 'धा' ऐकून मला माझ्या गुरुजींची आठवण होते. घरच्यांचं एकच म्हणणं, कोणाला कळता कामा नये, उद्या लग्नाचं बघायचं आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण मंचावर ही गोष्ट लपवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे, हे मी त्यांना सांगतो आणि तुम्हालाही सांगतो.

हे पत्र लिहायला बसलो तेही तिच्यामुळेच. गेल्या वर्षी एका भजन स्पर्धेत तिच्या मंडळाची चिठ्ठी शेवटची निघाली. स्पर्धा दुपारी चारची, तिचा नंबर लागला मध्यरात्रीनंतर. तिच्या वडिलांनी आयोजकांना हळूच सांगून बघितलं की जरा आधी घ्याल का. उत्तर मिळालं, नियम सगळ्यांना सारखा. मंचावर पिशवी नेऊ देईनात, कारण पिशवीत मोबाइल असतो, मोबाइलवर कोणी चाल ऐकतं. पिशवीत मशीन, इन्सुलिनचं पेन आणि ग्लुकोजची पुडी होती. शेवटी वडील ती पिशवी पोटाशी धरून विंगेत उभे राहिले.

सीबीएसईने २०१७ पासून दहावी-बारावीच्या मधुमेही मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच आणि पाणी न्यायला परवानगी दिली आहे. जिथे कॉपीच्या भीतीने पट्टी-पेन्सिलसुद्धा तपासतात तिथे हे चालतं. आपल्या स्पर्धेत मशीनची पिशवी पखवाजाशेजारी ठेवली तर कोणाचं काय जाणार आहे? आणि चिठ्ठ्या टाकण्याआधी एवढं विचारता येईल की कोणाला तब्येतीमुळे ठरलेली वेळ हवी आहे का. एखाददुसरं मंडळ पुढे येईल. त्याला पहिला किंवा दुसरा नंबर द्या आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाका. नंबर आधी लागला म्हणून कोणी स्पर्धा जिंकत नाही. उलट पहिल्या नंबराला परीक्षक हात आखडून गुण देतात हे प्रत्येक बुवाला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, दाखला दाखवा. दाखला नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकल सेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. टाइप वन मधुमेह त्या यादीत नाही. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, त्यासाठी पन्नाशी गाठावी लागते. ती गाठेपर्यंत आमचा भरवसा तुमच्यावर.

सांत्वन म्हणून लोक मला कुमार गंधर्वांचं उदाहरण देतात. क्षय झाला, एक फुप्फुस निकामी झालं, तरी केवढं गायले! खरं आहे, आणि ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण ती गोष्ट सांगणारे तिचा अर्धा भाग गाळतात. १९४८ च्या सुमारास ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले. पाच-एक वर्षं गाणं बंद होतं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच आलं होतं, ते मिळालं. भानुमतीताईंनी नोकरी करून घर चालवलं आणि शुश्रूषा केली. मग गाणं परत आलं, ते छोट्या छोट्या तानांचं, त्या एका फुप्फुसाला पेलेल असं, आणि श्रोत्यांनी ते तसंच घेतलं. जिद्द होतीच. पण सोबत औषध, विसावा, सांभाळणारं माणूस आणि समजून घेणारा मंडपही होता. आमच्या पोरांना क्रिकेटमधलं जास्त कळतं म्हणून त्यांना मी वासिम अक्रम सांगतो. १९९७ मध्ये त्याला मधुमेह निघाला आणि त्यानंतर तो कितीतरी वर्षं इन्सुलिन घेऊन गोलंदाजी करत राहिला. फक्त तिथे ड्रिंक्स ठरलेल्या वेळेला येतात, लंच ठरलेल्या वेळेला होतो. अक्रमला कोणी सांगितलं नाही की पाहुण्यांचा सत्कार होईपर्यंत थांब.

आपल्याला वेळ पाळता येत नाही असंही नाही. हरिनाम सप्ताह आठवा. सात दिवस, सात रात्री नाम खंडत नाही. वाड्यांना पहारे वाटून दिलेले असतात. एका वाडीचा पहारा संपायच्या आत दुसऱ्या वाडीची माणसं टाळ घेऊन हजर असतात, मग पाऊस असो, काळोख असो, पऱ्ह्याला पाणी असो. पहाटे तीनचा पहारा म्हणजे तीनचा. तिथे कोणी 'आपली रीत' म्हणत नाही, कारण तिथे वेळ देवाची मानलेली आहे. मी एवढंच म्हणतो की पत्रिकेवरची वेळही त्याच देवळाची आहे, वर देवाचंच नाव छापलेलं आहे.

आणि कायदा तर आधीपासून तुमच्या डोक्यावर आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकारला सवलत देता येते ती मध्यरात्रीपर्यंत, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. दहीकाल्याची, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकाची, रात्र मोडा असं मी म्हणत नाही. पालखी फिरल्यावर राजा येतो आणि उजाडताना हंडी फुटते, ते तसंच राहू दे, त्या रात्रीची तयारी मी दुपारपासून करून येतो. रात्रीचा मला त्रास नाही. रात्री किती वाजता, ते कळलं नाही की त्रास होतो.

तेव्हा माझं मागणं काय, ते सांगतो. पत्रिकेत जी वेळ छापाल त्या वेळेला पखवाजावर थाप पडू दे. सत्कार पहिल्या आणि दुसऱ्या बारीच्या मधे घ्या. तेव्हा मंडप भरलेलाही असतो, पाहुण्यांनाही माणसं दिसतात. उशीर होणारच असेल तर होऊ दे, पण किती होईल ते एका फोनवर सांगा, आणि सांगताना खरं सांगा. 'येतासत, वाटेर आसत' हा निरोप आम्हाला उपयोगाचा नाही. जेवण बारीच्या आधी द्या. पक्वान्न नको, डाळ, भात, भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, आम्ही त्यावर खूश असतो. फक्त घरच्या माउलींना सांगा की एखाद्याने लाडू परत केला तर वाईट वाटून घेऊ नका. "देवाचो प्रसाद आसा, काय होवचा नाय" असं म्हणून पानात दुसरा लाडू टाकण्यामागचं प्रेम कळतं, पण हिशेब चुकतो आणि तो रात्रभर चुकत राहतो.

इन्सुलिनचं एक सांगायचं राहिलं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. उघडलेली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण उन्हात तापलेल्या गाडीत नाही. आणि बर्फात तर मुळीच नाही. मुंबईच्या एका कार्यक्रमाला जिच्या घरी उतरलो होतो त्या वहिनींनी काळजीने माझी बाटली थेट फ्रीझरमध्ये ठेवली, खाली पापलेट, वर बाटली. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं. दादरला रात्री उघडं असलेलं औषधाचं दुकान सापडलं म्हणून निभावलं. देवगडच्या एखाद्या वाडीत रात्री अकराला काय सापडणार? म्हणून फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात जागा मागितली तर तेवढीच द्या. पावसाळ्यात वीज गेली की मी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं वापरतो, ते झकास चालतं, त्याची चेष्टा करू नका.

चपलांचं तेवढं बघा. देवळात अनवाणीच जायचं, त्यावर वाद नाही. पण जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जांभ्याची कपची रुतली तरी कळत नाही आणि ती जखम चिघळते. गाडीपासून मंचापर्यंत खडी आणि कातळ असेल तर चपला मंचाच्या पायरीपर्यंत आणू द्या.

आणि मंचावर कोणी कोसळलाच तर घाबरू नका. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. लाडू, करंजी देऊ नका, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. खाजा तर नकोच, तो चावायला धडधाकट माणूस लागतो. पंधरा मिनिटं थांबा, तपासा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच पाजा, मग काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. त्याच्या पिशवीत इन्सुलिन दिसलं म्हणून ते टोचू नका, अशा वेळी तेच जीव घेईल. हे चार कार्यकर्त्यांना माहीत असलं की भीतीचं कारण उरत नाही आणि 'पखवाजी दुसरा आणा' असा निरोप पाठवायचीही गरज पडत नाही. एखाद्याविषयी शंका वाटली तर त्यालाच विचारा ना. आपल्या आजाराबद्दल आमच्याइतकं स्पष्ट कोणी बोलणार नाही, फक्त विचारणाऱ्याच्या हातात सुपारी असावी.

माझ्या सोबतच्या बुवांना आणि मंडळांनाही एक विनंती. सुपारी घेताना मानधनाची घासाघीस जितकी करता तितकीच वेळेची करा. मंडळात कोणी आजारी नसेल तरीही करा.

चतुर्थीच्या आणि जत्रांच्या सुपाऱ्या आता ठरायला लागतील. तुमच्यापैकी कोणी फोन केला तर मी आधी तारीख विचारीन, मग बारी किती वाजता, मग जेवण कोणाच्या घरी आणि किती वाजता. मानधनाचं त्यानंतर. या तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवून फोन करावा, ही विनंती. आणि माझ्या त्या विद्यार्थिनीचं मंडळ यंदा पुन्हा स्पर्धेचा फॉर्म भरणार आहे. फॉर्मच्या खाली 'तब्येतीमुळे ठरलेली वेळ हवी आहे काय? होय / नाही' अशी एक ओळ छापून घ्यायला अजून वेळ आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पखवाजी
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग